उडणारी एसटी आणि होटगी रोडची चिमणी

मी राहते त्या गावाचं नाव बोडो. आसामातलं नव्हे, नॉर्वेतलं, आर्क्टिक वृत्ताच्या जरासं वर. वस्ती पन्नास हजारांच्या थोडी पुढं, म्हणजे सोलापुरातल्या दोन-चार पेठा. इथल्या रुग्णालयात मी नर्स आहे आणि सकाळच्या पाळीला माझ्यापुढं येणारे बरेच पेशंट नुकतेच विमानातून उतरलेले असतात. लोफोटेन बेटांवरचा सत्तरीतला एखादा कोळी असतो. हातात कापडी पिशवी, पिशवीत चष्मा आणि घरचा पाव. लेक्नेसहून पंचवीसेक मिनिटांत येतो, डोळे तपासून घेतो, संध्याकाळच्या विमानानं घरी. तिकिटातला ठरलेला छोटा वाटा त्याचा, बाकीचं सरकारचं. विमानात बसलो याचं त्याला काही कौतुक नसतं. विमानही कौतुक करण्याजोगं नाहीच. पंख्यांचं, ३९ आसनांचं, आत शिरताना मान वाकवायला लावणारं. काही फेऱ्या तर दोन ठिकाणी थांबत, माणसं उतरवत-चढवत जातात. अगदी आपल्या बार्शी-वैराग-सोलापूर गाडीसारख्या.

हे मी एकदा मामाला फोनवर रंगवून सांगत होते. मामा सिद्धेश्वर कारखान्याचा सभासद, ऊसवाला माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं विमान उडूलालंय गं तिकडं. इथं आमची चिमणी पाडली, त्याचं काय?"

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, ही चिमणी चिवचिवणारी नव्हे. कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची ती उंच चिमणी होटगी रोडच्या विमानतळाला अडसर ठरली. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, मोर्चे, राजकारण झालं आणि १५ जून २०२३ रोजी महापालिकेनं ती पाडली. सेकंदांत जमीनदोस्त. व्हिडिओ मी इथं बसून पाहिला. मला वाटलं, आता महिन्या-दोन महिन्यांत विमान. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं, आणि पहिलं विमान, गोव्याचं, उडालं ९ जून २०२५ ला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं होटगी रोडला ना चिमणी होती, ना विमान. मामाचा राग विमानावर नाहीच, तो या मधल्या दोन वर्षांवर आहे. आणि त्या रागाला माझ्याकडं उत्तर नाही.

मुंबईची सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. लगेच दुसरा पक्षही उभा राहिला. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरानं विमानाचं काय करायचं? आधी उजनीचं पाणी नीट आणा. हा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. विमानतळाचे पैसे वाचले असते तर ते जलवाहिनीत गेले असते असं मानण्याइतकी भाबडी मी राहिलेली नाही. ज्या खात्यानं पाणी द्यायचं त्यानं द्यावं. विमान त्याच्या आड आलेलं नाही.

मला जास्त खटकतो तो पेढे वाटणारा पक्ष. विमान आलं की उद्योग येणार, आयटी येणार, पुण्याला गेलेली पोरं परत येणार. कशी? विमान दोन्ही बाजूंनी उडतं. बाहेरून येणाऱ्याला सोलापुरात काम नसेल, तर ते फक्त सोलापूरकराला बाहेर नेण्याचं साधन होईल, आणि त्यासाठी आपल्याकडं पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच की.

बोडोच्या दक्षिणेला ब्रनॉयसुन नावाचं गाव आहे, वस्ती पाचेक हजार. १९६८ मध्ये या किनाऱ्यावर एकदम चार आखूड धावपट्ट्या बांधल्या, त्यातली एक तिथली. पण गाव तगलं ते नुसत्या धावपट्टीनं नव्हे. १९८० च्या दशकात नॉर्वे सरकारनं देशभरातल्या कंपन्यांच्या नोंदणीचं केंद्रीय कार्यालय राजधानीत न ठेवता या कोपऱ्यातल्या गावात नेलं. शेकडो नोकऱ्या, आणि ऑस्लोहून सतत ये-जा करणारे लोक. विमानात बसायला कारण असलेली माणसं सरकारनंच तयार केली. सोलापूरच्या वादात हे वाक्य मी कुणाच्याच तोंडी ऐकलं नाही. एखादं राज्यस्तरीय कार्यालय सोलापूरला हलवा, असं कुणी म्हणत नाही. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे, चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत, धाराशिवपासून कलबुर्गीपर्यंतचे पेशंट आपल्या दवाखान्यांत येतात. पाया चांगला आहे. पण डाळिंबाच्या पेट्या विमानानं दुबईला जातील वगैरे स्वप्नं जरा आवरा. सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या विमानाच्या पोटात प्रवाशांच्या बॅगाच कशाबशा मावतात.

आता पैशाचं. मुंबई मार्गासाठी राज्य सरकारनं दर आसनामागं तूट भरून देण्याचं ठरवलं, वर्षभरासाठी. मला अनुदानाचा मुळीच राग नाही. इथली बेटांवरची विमानं अनुदानाशिवाय एक आठवडा चालणार नाहीत. पण इथं कंपनीशी करार होतो तो साधारण चार-पाच वर्षांचा. रोज किती फेऱ्या, किती आसनं, तिकिटाची कमाल किंमत किती, हे आधी लिहून. एप्रिल २०२४ मध्ये तर या मार्गांवरचे कमाल दर सरकारनं निम्म्यावर आणले. आपल्याकडं छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या 'उडान' योजनेचं काय झालं ते कॅगनं २०२३ च्या अहवालात मांडलंय: ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही टिकले ५४. हे आकडे वाचल्यावर एका वर्षाची हमी म्हणजे लग्नाआधीच माहेरी परतायचं तिकीट काढून ठेवण्यासारखं वाटतं.

नॉर्वेकडं तेलाचा पैसा आहे, हे मान्य. शिवाय डोंगर आणि समुद्र. लेक्नेसच्या म्हाताऱ्याला विमान नसेल तर बोट आणि अर्धा दिवस. सोलापूरकराला मुंबईसाठी २०२३ पासून वंदे भारत आहे, साडेसहा तासांत पोचवते. म्हणूनच मला मुंबईचं विमान सर्वांत कमी गरजेचं वाटतं, पण प्रतिष्ठा सगळी त्यालाच. जिथं रेल्वे रडवते तिथं विमान हवं. गोवा हा बरा निर्णय. नागपूरचा विचार करा. तिरुपतीचा करा. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची तेलुगू पद्मशाली मंडळी ते विमान भरून दाखवतील, पैज लावते.

मामाला मी विचारलं, तू बसशील का? म्हणाला, "तिकीट हजारात असंल तर बघू." मग जरा थांबून, "तू येताना बस. वरून कारखाना दिसतो का सांग."

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येतेय. मुंबईहून सोलापूरचं विमानाचं तिकीट काढलंय. त्याच रात्रीचं सिद्धेश्वर एक्स्प्रेसचंही काढून ठेवलंय, खालचा बर्थ.