वाल्परायझो ल्यूथरन झाले कधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वाल्परायझो विद्यापीठावरील माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोन-तीन वेळा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हे विद्यापीठ ल्यूथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १८५९ मध्ये काढले, हे माझे विधान चुकीचे आहे, ज्या काळाचे मी भरभरून कौतुक केले त्या काळाशी या पंथाचा काडीचाही संबंध नव्हता, कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे प्रकरण मी सोयीस्करपणे गाळले, आणि चर्चच्या छायेतल्या संस्थेत मोकळे शिक्षण होऊच शकत नाही. यांतले पहिले तीन आक्षेप मला मान्य आहेत. चौथा मान्य नाही, आणि त्याचे कारण पहिल्या तिघांतूनच निघते, म्हणून सारे जरा सविस्तर मांडतो.

१८५९ मध्ये हे कॉलेज काढले ते मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी. मुलगे आणि मुली यांना एकत्र उच्च शिक्षण देणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक होती. यादवी युद्धाचा फटका बसून ती खिळखिळी झाली आणि १८७१ मध्ये बंद पडली. दोन वर्षांनी हेन्री बेकर ब्राउन या तरुण शिक्षकाने ती शिक्षक घडवणारी शाळा म्हणून पुन्हा उघडली. फी कमी, राहण्याजेवणाचा खर्च बेताचा आणि जो शिकायला येईल त्याला दार उघडे, हे ब्राउन आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर किन्सी यांचे धोरण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यार्थ्यांची संख्या पाच हजारांवर गेली आणि 'गरिबांचे हार्वर्ड' हे नाव रूढ झाले. पुढे सिनेटर म्हणून गाजलेले जॉर्ज नॉरिस येथेच कायदा शिकले. हे सगळे श्रेय ब्राउन आणि किन्सी यांचे आहे. मी ते ओघात ल्यूथरन परंपरेच्या पदरात टाकले, ही माझी चूक आहे.

क्लॅनचे प्रकरण मी हेतुपुरस्सर लपवले नव्हते, पण वाचकाच्या दृष्टीने परिणाम तोच झाला, हे मी कबूल करतो. पहिल्या महायुद्धानंतर विद्यार्थी घटले, १९१७ मध्ये ब्राउन वारले आणि संस्था कर्जात रुतत गेली. १९२३ मध्ये जुनी मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. त्याच वर्षी, इंडियानात क्लॅनचा जोर शिगेला पोहोचला असताना, त्या संघटनेने हे विद्यापीठ विकत घेण्याची बोलणी केली, आणि ती इतकी पुढे गेली होती की देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. सौदा अखेर फिसकटला. कृष्णवर्णीयांचा, ज्यूंचा आणि कॅथलिकांचा द्वेष हाच ज्या संघटनेचा पाया, तिच्या हाती एक अख्खे विद्यापीठ जाता जाता राहिले, ही गोष्ट कोणत्याही लेखात एका वाक्याने तरी यायलाच हवी होती.

ल्यूथरन मंडळी येतात ती इथे, १९२५ मध्ये. आपल्या प्रतिक्रियेत निसटलेली एक बाब इथे नोंदवतो. विद्यापीठ विकत घेतले ते चर्चने नव्हे. मिझुरी सिनॉड या ल्यूथरन चर्चसंघटनेतील काही पाद्री आणि बरेच सर्वसामान्य अनुयायी यांनी मिळून 'ल्यूथरन युनिव्हर्सिटी असोसिएशन' नावाची स्वतंत्र संस्था उभी केली आणि तिने हा व्यवहार केला. जर्मन स्थलांतरितांच्या या सिनॉडकडे पाद्री आणि पंथाच्या शाळांतील शिक्षक तयार करणारी कॉलेजे होती, पण ज्याला वकील किंवा इंजिनिअर व्हायचे आहे अशा घरच्या मुलामुलींसाठी काहीच नव्हते. ती उणीव भरून काढायला या लोकांनी पत नसलेली आणि जळून गेलेली संस्था पदरात घेतली. कारभार सिनॉडच्या हाती न देता असोसिएशनकडेच ठेवला, आणि तो आजवर तसाच आहे. 'चर्चच्या छायेतली संस्था' हे वर्णन म्हणून मला अपुरे वाटते.

आता मोकळ्या शिक्षणाविषयी. ओ. पी. क्रेट्झमन १९४० ते १९६८ या काळात अध्यक्ष होते, आणि माझ्या मते विद्यापीठाला आजची ओळख दिली ती या काळाने. १९४३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने 'ऑनर कोड', म्हणजे परीक्षेतील प्रामाणिकपणाची संहिता, आली. माझी भाची येथे एम.एस. करत असताना मी तिच्या टेबलावर तिची तपासून आलेली उत्तरपत्रिका पाहिली. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, तिच्या अक्षरात एक वाक्य होते. त्याचा आशय असा : अनधिकृत मदत मी दिलेली नाही, घेतलेली नाही आणि इतरांनी घेतलेली खपवूनही घेतलेली नाही. ती म्हणाली, "मामा, हे छापील नसतं. दर वेळी हाताने लिहावं लागतं. आणि पेपरला वर्गात सुपरवायझर नसतो." कॉपी पकडण्यासाठी भरारी पथके फिरताना पाहत वाढलेल्या मला ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले.

दुसरी गोष्ट इंजिनिअरिंगची. चाळिशीच्या दशकात येथील विद्यार्थ्यांना सुरुवातीची सत्रे इथे करून पदवीसाठी पर्ड्यू विद्यापीठात जावे लागे. पूर्ण अभ्यासक्रमाला इमारत हवी होती आणि पैसा नव्हता. तेव्हा विद्यार्थ्यांनी स्वतः अंगमेहनत करून ती उभारली, आणि १९४९ पासून चार वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा सुरू झाला. ज्या संस्थेत विद्यार्थ्याच्या शब्दावर आणि हातांवर इतका भरवसा टाकला जातो, तिथे मोकळे शिक्षण होत नाही असे मला म्हणवत नाही.

१९५९ मध्ये पूर्ण झालेले पुनरुत्थान चॅपल (प्रार्थनामंदिर) आवाराच्या मध्यावर आहे आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कॉलेज-चॅपलांत त्याची गणना होते. कामकाजाच्या दिवशी सकाळी तिथे छोटी प्रार्थना होते. माझी भाची हिंदू. तिला कोणी कधी बोलावले नाही आणि कोणी अडवलेही नाही. परीक्षेच्या आठवड्यात ती तिथे मागच्या बाकावर जाऊन ऑर्गन ऐकत बसे. विद्यार्थ्यांत कॅथलिक पुष्कळ आहेत, आणि त्यांचे स्वतंत्र केंद्र आवाराला लागूनच आहे. क्लॅनचा सौदा पार पडला असता तर त्यांना इथे थारा मिळाला नसता.

टीका करायचीच तर ती करण्याजोगी जागा वेगळी आहे. १८७९ मध्ये सुरू झालेली कायद्याची शाखा विद्यापीठाला टिकवता आली नाही. २०२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांच्या दुरुस्तीसाठी प्रसिद्ध अमेरिकी चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांच्या चित्रासह विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातील तीन मौल्यवान चित्रे विकायची, असे प्रशासनाने ठरवले. ज्यांचे नाव त्या संग्रहालयाला दिले आहे त्या रिचर्ड ब्रावर यांनीच त्याला कडाडून विरोध केला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. पर्सी स्लोन यांनी आपल्या चित्रकार वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली देणगी या संग्रहामागे होती. लहान विद्यापीठांची आर्थिक ओढाताण मला समजते, वसतिगृहे राहण्यालायक हवीत हेही पटते, तरी ज्या कामासाठी देणगी दिली त्याच्या बाहेर तिचा पैसा वळवणे मला गैर वाटते. हाताने प्रतिज्ञा लिहून घेणाऱ्या संस्थेने स्वतःच्या शब्दाबाबतही तेवढेच काटेकोर असावे, अशी माझी अपेक्षा आहे.

मूळ लेखातील १८५९ चे वाक्य आज दुरुस्त केले आहे, ब्राउन आणि किन्सी यांचे श्रेय त्यांच्या नावावर नोंदवले आहे, आणि १९२३ च्या घटनांवर स्वतंत्र परिच्छेद घातला आहे. तो आपण वाचून पाहावा आणि त्यातही काही उणे आढळल्यास अवश्य कळवावे, ही विनंती.