बटण दाबलं की झालं

घरच्या सुतारकामाच्या खोलीत छोटं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने लाकूड कोरणारं यंत्र, आणण्यामागे एक सुखस्वप्न असतं. चित्र काढायचं, फळी ठेवायची, बटण दाबायचं आणि चहा घ्यायला जायचं. यातली फळी खरी, चहाही खरा. बटणसुद्धा आहे, चांगलं लालभडक, पण ते मशीन थांबवण्यासाठी दिलेलं असतं. आणि काही दिवसांत हात त्याच्यावरच बसायला लागतो.

मुळात ही कल्पना घरगुती नव्हेच. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाच्या गृहस्थांना हेलिकॉप्टरची पाती अचूक बनवायची होती, त्या खटपटीतून एमआयटीने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. त्यांच्या डोक्यात हेलिकॉप्टर होतं. आपल्या डोक्यात ‘कुलकर्णी’ अशी पाटी असते. तरी माझं ठाम मत आहे की पाती सोपी असावीत. पात्याला वेलांटी नसते, रफार नसतो आणि पाहून नाक मुरडणारे सासरचे लोक नसतात.

घरोघरी शिरलेल्या मशीनचं नाव ३०१८. हा मॉडेल नंबर वाटतो, पण ते माप आहे. ३०० बाय १८० मिलिमीटर काम करायची जागा आणि वर ४५ मिलिमीटर उंची. या ४५ वर फार जीव टाकू नये. खाली बळीचा बकरा म्हणून १२ मिलिमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या भुशाची फळी) जातो, त्यावर १८ ची फळी येते, उरतात १५. एवढ्यात बिटाला, म्हणजे कापणाऱ्या हत्याराला, फळीवरून उचलून क्लॅम्पच्या डोक्यावरून सुखरूप न्यायचं असतं. शिवाय या मशीनमध्ये बेड, म्हणजे फळी ठेवायचा पाट, पुढेमागे सरकतो. टेबल भिंतीला चिकटवून ‘जागा किती वाचली’ म्हणणाऱ्याचा बेड पहिल्याच दिवशी भिंतीला टक्कर देतो.

जोडणीच्या पुस्तिकेत सगळं तासा-दोन तासांचं काम असतं. स्क्रू लागतातही तेवढ्यात. पण सुताराचा गुण्या इथे पहिल्यांदा हसतो. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे येईपर्यंत स्क्रू आवळायचे नसतात, हे पुस्तिकेला माहीत नसतं. त्यानंतर स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, बेडला काटकोनात आहे का ते बघायचं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमटीत, एक जाड तार काटकोनात वाकवून पकडावी, वीज बंद ठेवून हाताने फिरवावी आणि पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे टोकाखालून एकच कागद सारख्याच ओढीने सरकतो का पाहावं. नसेल तर स्पिंडलच्या धारकामागे पातळ पत्र्याचे तुकडे घालून दुरुस्ती करावी. हे टाळलं तर सपाट करायला ठेवलेली फळी सपाट न होता पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि त्या पायऱ्या पॉलिशपेपरने उतरवताना मनगट जातं.

आणखी एक छोटी गोष्ट, जी आकाराने छोटी म्हणूनच छळते. मोटरचा दांडा आणि बेड सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा दांडा जोडणाऱ्या कपलरवर बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू असतात. कंपनाने ते सैल होतात. मग मोटर इमानाने फिरते, स्क्रू मधूनमधून फिरतो आणि ‘जोशी’ हळूहळू तिरके होत फळीबाहेर निघतात. निळं लॉकटाइट (स्क्रू जखडणारा गोंद) एक थेंब, आणि दर काही कामांनंतर ॲलन की फिरवून खात्री. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसून याच स्क्रूचा असतो, तरी आपण संध्याकाळभर सॉफ्टवेअरच उलटंपालटं करतो.

मशीनच्या डोक्यात जीआरबीएल नावाची प्रणाली असते. नॉर्वेतल्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी २००९ मध्ये ती सुरू केली आणि आर्डुइनो नावाच्या एका स्वस्त कंट्रोलर बोर्डाच्या ३२ किलोबाइटमध्ये ती अख्खी मावते. जागा कमी म्हणून ती बोलतेही कमी. ‘एरर २०’ म्हणजे तुम्ही सांगितलेला हुकूम मला येत नाही. बहुतेकदा तो बिट बदलण्याचा एम ६ असतो, चित्राच्या प्रोग्राममध्ये मोठ्या मशीनचा पोस्ट प्रोसेसर (चित्राचे हुकूम बनवणारा भाग) निवडला की तो येतो. ‘अलार्म १’ म्हणजे मी मर्यादेच्या स्विचला टेकले. ‘एरर ९’ म्हणजे मी रुसलेय, आधी माझा अलार्म काढा. मूळ कारण काय, हे ती सांगत नाही, तुम्हीच शोधायचं.

आता पाटी. मराठी पाटी हा या छंदाचा खरा घाट आहे. बऱ्याच कोरीवकामाच्या प्रोग्रामना रोमन अक्षरं उत्तम येतात, पण त्यांच्या खिडकीत ‘शिंदे’ टाइप केलं की पहिली वेलांटी श च्या पुढे जाऊन उभी राहते. ‘कुलकर्णी’चा रफार उतरून र पाय मोडून बसतो. उपाय असा की अक्षरं तिथे टाइपच करायची नाहीत. इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्राममध्ये युनिकोड फॉन्टात लिहावं, तिथे जोडाक्षरं नीट जुळतात. मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांच्या रेषा बनवाव्यात. इथे घाईने फाइल पुढे पाठवणारे बरेच फसतात, कारण देवनागरीची शिरोरेखा पडद्यावर सलग दिसली तरी ती सलग नसते. प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर थोडा चढवतं. मशीनला ते चढलेले काठ वेगळे दिसतात, म्हणून ते शिरोरेखेला ठिकठिकाणी उभे काप देतं. तेव्हा अनग्रुप करून सगळी अक्षरं निवडावीत आणि ‘युनियन’ करून एकसंध करावीत. रेषांचा सांगाडा दाखवणाऱ्या दृश्यात जाऊन शिरोरेखेच्या आत एकही आडवीउभी रेघ उरली नाही ना, ते बघावं. जुन्या इंकस्केपमधल्या फाइलचं मापही तपासावं. ०.९२ आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ ठिपके मोजतात, त्यामुळे जुनं चित्र सुमारे सहा-सात टक्क्यांनी फसवतं.

पुढचा प्रश्न, अक्षरं खोदायची की उठावाची ठेवायची. घरातलं मत नेहमी उठावाकडे झुकतं, कारण ते देवळाच्या दारावर छान दिसतं. इथे कागदावर एक हिशेब करावा. पाटी २८० बाय १५० मिलिमीटर, म्हणजे ४२,००० चौरस मिलिमीटर. ३.१७५ मिलिमीटरचं बिट दर फेरीला व्यासाच्या ४० टक्के सरकवलं तर १.२७ मिलिमीटर. एका थराला सुमारे ३३ मीटर प्रवास. मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने ५५ मिनिटं. तीन मिलिमीटर उठाव पाऊण-पाऊण मिलिमीटरच्या चार थरांत काढायचा, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास. अक्षरांची जागा वजा करा, बिट वर-खाली होण्याचा वेळ मिळवा, हिशेब तिथेच येतो. तीच नावं ६० अंशांच्या व्ही बिटाने, म्हणजे निमुळत्या टोकाच्या बिटाने, खोदली तर काम मिनिटांत मोजता येतं. त्यातही मेख आहे. ६० अंशांच्या बिटाला सहा मिलिमीटर रुंद रेघ हवी असेल तर ते ५.२ मिलिमीटर खोल उतरतं, ९० अंशांचं फक्त तीन. आणि फळी मध्ये अर्धा मिलिमीटर जरी फुगलेली असली तरी ६० अंशांच्या बिटाची रेघ तिथे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक जाड येते. म्हणून आधी फळीचा पृष्ठभाग मशीनवरच सपाट करून घ्यावा. नाहीतर ‘देशपांडे’मधले ‘दे’ बारीक आणि ‘पां’ गुटगुटीत निघतात.

उठावाचाच हट्ट असेल तर अनुस्वाराची काळजी वेगळी घ्यावी लागते. चार मिलिमीटर रुंदीचा ठिपका, तीन मिलिमीटर उंच, खाली लाकडाचे आडवे तंतू. बिट शेवटच्या फेरीला त्याच्या कुशीत शिरलं की ‘शिंदे’ क्षणात ‘शिदे’ होतात आणि अनुस्वार व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात जातो. ठिपक्याची रुंदी उंचीच्या दुपटीजवळ न्यावी, शेवटची फेरी अगदी पातळ ठेवावी आणि ठिसूळ प्लाय टाळावं. शिवण या कामाला गुणी लाकूड. सागवान दिसायला राजा, पण त्यात सिलिका असते, ती बिटाची धार खाते. बिट गोल असल्यामुळे आतला कोपरा कधीच टोकदार येत नाही. ३.१७५ च्या बिटाने कोपऱ्याला १.६ मिलिमीटरची गोलाई राहणारच, आणि स्वतःच्या ३.१७५ मिलिमीटरहून अरुंद फटीत ते शिरणारच नाही. ‘ष’ आणि ‘क्ष’ यांची पोटं मग भरलेलीच राहतात. तिथे पटाशी घ्यावी. यात कमीपणा नाही, उलट पाटी मशीनची वाटत नाही.

मशीनसोबत एक डबी भरून टोकदार बिटं फुकट येतात. ती तांब्याच्या सर्किट बोर्डासाठी असतात. लाकडात त्यांचं टोक मोडतं आणि आपण लाकडाला दोष देतो.

वेगाबद्दल नवशिक्याची भीती उलटी काम करते. स्पिंडल मिनिटाला दहा हजार फेऱ्यांनी फिरतंय, बिटाला दोन धारा आहेत आणि प्रत्येक धारेने ०.०३ मिलिमीटरची ढलपी काढावी असं वाटत असेल, तर १०,००० गुणिले २ गुणिले ०.०३ म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर. ‘सांभाळून’ म्हणून २०० वर आणलं की प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१ येतं. मग ती कापत नाही, घासते. लाकूड काळं पडतं, खोलीत होळीचा वास येतो आणि बिट बोथट होतं. भुशाकडे बघावं. पीठ पडत असेल तर वेग वाढवावा किंवा फेऱ्या कमी कराव्यात. बारीक कीस पडत असेल तर ठीक. जपून काम करायचं असेल तर खोली कमी ठेवा, सरकण्याचा वेग नव्हे.

बिट बसवतानाही एक शिस्त. कोलेट आधी नटमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवायचं, मग बिट, मग नट स्पिंडलवर. कोलेट थेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर बिट वाकडं फिरतं, आणि काम झाल्यावर कोलेट बाहेर निघायला तयार नसतं.

खरं सांगायचं तर घरातलं सीएनसी हा सणाला आलेला जावई आहे. खाणं तो स्वतः खातो, बाकी सगळं इतरांनी करायचं. फळी आपण धरून ठेवायची, भुसा आपण ओढायचा, पाटाखाली काही अडतंय का ते आपण बघायचं.

फळी धरण्यासाठी क्लॅम्प चांगले, पण सॉफ्टवेअर बिटाला हवेतून नेताना बहुधा पाचेक मिलिमीटरच उचलतं आणि क्लॅम्पचं डोकं त्याहून वर असतं. ‘सेफ हाइट’ बदलल्याशिवाय स्पिंडल चालू करू नये. पातळ फळीला मास्किंग टेपची युक्ती उत्तम. बेडवर एक पट्टी, फळीखाली एक पट्टी, मध्ये फेविक्विक. काम झालं की पट्ट्या सोलून निघतात. पट्टी धुळीवर चिकटवली तर मात्र फळीच सोलून निघते, तीही चालू कामात.

शून्य लावायला, म्हणजे फळीचा वरचा पृष्ठभाग मशीनला दाखवायला, कागद पुरतो. बिट खाली आणत कागद अडला की थांबायचं, त्याची जाडी ०.१ मिलिमीटर धरायची. प्रोब प्लेट (बिट टेकलं की मशीनला कळवणारी धातूची पट्टी) असेल तर मगरचिमटा बिटाला लावल्याची दोनदा खात्री करावी. तो टेबलावर पडलेला असला तर मशीन स्पर्शाची वाट बघत प्लेट भेदून खाली जायला निघतं. मग बिट फळीच्या वर दहा मिलिमीटर ठेवून अख्खं काम एकदा हवेत चालवून बघावं. ‘वेळ फुकट जातो’ म्हणणाऱ्यांनी सागवानाचा भाव विचारून यावा.

एवढं करून काम सुरू होतं आणि तिसऱ्या थराला वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, मशीनला नसते. स्टेपर मोटरला आपण कुठे होतो याची आठवण राहत नाही. होमिंगचे (मशीनला त्याचा ठरलेला कोपरा दाखवणारे) स्विच असतील तर घरी परतून जुना शून्य बिंदू पुन्हा मिळतो, कारण जी ५४ चं माप, म्हणजे त्या शून्याची जागा, मशीन जपून ठेवतं. स्विच नसतील तर सुरुवातीलाच फळीबाहेर एमडीएफवर शून्याच्या जागी व्ही बिटाने एक टिंब पाडून ठेवावं. वीज आल्यावर त्याच टिंबावर टोक आणायचं. हुकुमांच्या मधल्या ओळीपासून सुरू करताना मिलिमीटरमध्ये मोजायला लावणारा जी २१, शून्यापासून मोजायला लावणारा जी ९० आणि स्पिंडल सुरू करणारा एम ३ आधी स्वतः द्यायचे, नाहीतर थांबलेलं बिट फळीत घुसून ढकलाढकली करतं. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, तेव्हा दिवाळीआधी तो पुन्हा एकदा तासून घ्यावा. व्हॅक्यूमच्या प्लॅस्टिक नळीत स्थिर वीज साठते आणि यूएसबीची जोडणी तोडते. नळीत अर्थिंगची उघडी तार, आखूड आणि शील्ड असलेली यूएसबी केबल, लॅपटॉपची ‘झोप’ बंद. सागवानाचा आणि एमडीएफचा बारीक भुसा छातीला वाईट, व्हॅक्यूम असला तरी एन ९५ मास्क हवाच. आणि चहा खोलीतच मागवावा. चालू मशीन सोडून जायचं नसतं, बोथट बिट आणि भुसा यांच्या भेटीतून ठिणगी पडू शकते.

पाटी निघाल्यावर रंगाचं काम उरतं. कोरण्याआधीच फळीवर सीलरचा हात द्यावा, मग कोरावं, खोबणीत रंग भरावा आणि वरचा पसरलेला रंग पॉलिशपेपरने उतरवावा. सीलर विसरलं की रंग लाकडाच्या तंतूंतून पसरतो आणि अक्षरांना मिशा फुटतात.

एव्हाना नातेवाइकांत बातमी गेलेली असते. ‘मशीनच करतंय ना, मग आमचीही एक काढ.’ त्यांना मी आडनाव विचारतो. लेले, काळे, पवार यांना होकार. क्षीरसागरांना पुढच्या वर्षी. आणि दाराला लावायची भोकं पाटी मशीनवरून सोडवण्याआधीच पाडून घ्यावीत, चार मिलिमीटरची. नंतर हातड्रिलने पाडायला गेलं की उरलेला अनुस्वारही जातो.