मुलींना नोकरी नको असते, की परतीची गाडी नसते?

नमस्कार दादा,

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं, की बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं आघाडीवर, त्यात मुली पुढे, राज्याचं महिला धोरणही 1994 पासून आहे, मग कोकणातल्या मुलींच्या नोकरी-रोजगारासाठी आणखी धोरण कशाला? ‘इथल्या मुलींना नोकरी नकोच असते, लग्न करून मुंबई गाठायची असते,’ हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं.

निकालाचं खरं आहे. त्यानंतरचं सांगते. आमच्या वाडीतल्या एका मुलीने तालुक्याच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनला प्रवेश घेतला. प्रॅक्टिकल सुटायचं पाचला, वाडीची शेवटची एसटी पावणेपाचला. नंतरची गाडी फाट्यापर्यंतच, पुढे अडीच किलोमीटर सडा, म्हणजे उघडं कातळाचं माळरान. पावसात, काळोखात. दोन महिने तिचे वडील बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहिले. भातकापणी आली, त्यांना जमेना, आणि हिचं शिक्षण सुटलं. दफ्तरी नोंद काय? ‘स्वतःहून सोडले.’ मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा आनंदच आहे. पण गाडीच नसेल तर ते अर्धं तिकीट कुठे दाखवायचं?

तीच मुलगी उद्या सून होऊन विरारला गेली, तर नोकरी करील. मुलगी तीच, दादा. तिथे रात्री दहालाही घरी जायला लोकल असते.

काजूच्या शेडमध्ये किलोवर मजुरी. चीक लागून बोटांची सालं निघालेली असतात, तरी बायका येतात. त्यातली एक बाळंतपणानंतर आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, “काम होया गो, पण पोराक खंय ठेवू?” 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पाळणाघर सक्तीचं आहे, पण 50 किंवा अधिक कामगार असतील तिथेच. आमच्याकडच्या शेडमध्ये वीस-पंचवीस जणी असतात. चार-पाच शेड मिळून एक पाळणाघर, आणि ते शेड सुटेपर्यंत उघडं, एवढं धोरणात लिहायला काय हरकत आहे?

मासळीवाल्या बायकांचंही तेच. मत्स्यसंपदा योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान आहे, इतरांना सर्वसाधारणपणे 40. पण बाकीची रक्कम उभी करायला बँकेत गेलं की तारण विचारतात, आणि जागा सासऱ्याच्या नावावर. माहेरच्या जमिनीत मुलीला हक्क आपल्या राज्याने 1994 मध्येच दिला, तरी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या किती जणी तुमच्या-माझ्या घरात आहेत!

शिवणकामाच्या तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र शंभर टक्के पटलं. सर्टिफिकेट भिंतीवर, मशीन कुणाकडेच नाही.

एक करा. तालुक्याहून तुमच्या गावाला येणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते आणि तिथलं कॉलेज किती वाजता सुटतं, एवढं मला कळवा. आगार व्यवस्थापकांना द्यायच्या निवेदनात आठ गावांच्या वेळा जमल्या आहेत, तुमचंही गाव घालते.