मत दिल्या जागी राहावं

चवथीला घरी फोन लावला की आधी आरती ऐकू येते, मग राजकारण. आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या म्हार्दोळला. यंदा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तुमच्या सिंगापूरसारखा एकच पक्ष घट्ट बसलेला बरा. विरोधक हवेत कशाला? निवडून येतात आणि सत्ताधाऱ्यांकडेच जाऊन बसतात." त्याचं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच मी आठवडाभर बेचैन होतो. रोग बरोबर ओळखून औषध मात्र तो उलटं मागतोय.

पीपल्स ॲक्शन पार्टी इथे सिंगापुरात 1959 पासून अखंड सत्तेवर आहे. 2025 मध्ये 97 पैकी 87 जागा तिच्याच. पण मी राहतो त्या हौगांग मतदारसंघात 1991 पासून सतत विरोधी वर्कर्स पार्टी जिंकते. आठवड्यातून एका संध्याकाळी खासदार एका इमारतीखालच्या मोकळ्या जागेत टेबल टाकून बसतात. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रांगेने माणसं, कुणाच्या हातात घराचं पत्र, कुणाच्या दवाखान्याचं बिल. शेजारच्या आजोबांसोबत मी एकदा गेलो होतो. खासदारांनी पत्र शांतपणे वाचलं, संबंधित खात्याला लिहायचा मजकूर सांगितला. सत्ता हातात नाही, तरी माणूस जागेवर आहे.

मी 2012 साली इथे आलो, त्याच वर्षी वर्कर्स पार्टीने हौगांगच्या आपल्याच खासदाराला पक्षातून काढलं. लगेच जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी पुन्हा त्याच पक्षाचा माणूस पाठवला. इथल्या राज्यघटनेत तसं कलमच आहे: ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात तो सुटला की खासदारकीही सुटली. 1961 साली सत्ताधारी पक्षाचेच 13 जण फुटले होते, तो चटका या कलमामागे आहे.

आपल्याकडे गोव्यात काय झालं? 2019 च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपची वाट धरली. नेमके दोन तृतीयांश, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातल्या पळवाटेत बसतील एवढे: दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की ते पक्षाचं विलीनीकरण ठरतं आणि आमदारकी वाचते. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा, तिन्हीकडे शपथा घेतल्या. सप्टेंबरात निवडून आलेल्या 11 पैकी 8 जण भाजपमध्ये गेले. ज्यांनी त्यांना मत दिलं, त्यांना एका शब्दानेही कुणी विचारलं नाही.

सिंगापूरचं सगळंच घ्या, असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच कलमाने पक्षनेत्यांच्या हाती खासदाराची मान जाते. 1988 पासून बऱ्याच मतदारसंघांत उमेदवारांचा अख्खा गट निवडावा लागतो, तेवढी माणसं उभी करताना विरोधक मेटाकुटीला येतात. परवान्याशिवाय मोर्चा काढता येत नाही. 2020 च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या चांदरला लोकांनी रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध रुळांवर रात्र काढली, तसं इथे मनातही आणता येणार नाही. ते बळ आपण गमावू नये.

आणि एकाच पक्षाचा जोर गोव्याला नवा नाही. 1963 ते 1979 मगोपचंच, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचंच राज्य होतं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हे त्या पक्षाचं म्हणणं. माझ्या आजीने 1967 च्या जनमत कौलात त्याच बाजूने, फुलाला मत दिलं. फूल हरलं, गोवा वेगळा ठेवू पाहणारी दोन पानं जिंकली. तिला वाईट वाटलं, पण निकाल तिने मान्य केला. काही आठवड्यांतच त्याच गोव्याने मगोपचे नेते भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. पक्ष हवा, पण त्याचं हे म्हणणं नको, असं लोकांनी एकाच वर्षात दोनदा सांगितलं. मत दिल्या जागी राहत होतं, म्हणून हे जमलं.

भावाला मी एवढंच सांगितलं: 2027 ला जो कुणी मतं मागायला अंगणात येईल, त्याला रस्त्याचं, नळाचं नंतर विचार. आधी विचार, पक्ष सोडावासा वाटला तर राजीनामा देऊन परत आमच्या दारात येणार का? आणि पक्षांतरबंदी कायद्यातली ती पळवाट बंद करायची मागणी दिल्लीपर्यंत नेणार का? तो म्हणाला, "आईलाच बसवतो पुढे, तिला कोण टाळणार नाही."