चौदा टक्के गाठायचेत? मग हे वाचाच

आणखी एका शहराच्या मेट्रोचा प्रकल्प अहवाल आला आणि त्यातही ईआयआरआर, म्हणजे आर्थिक परताव्याचा दर, १४.२ टक्केच निघाला. दचकायचं काही कारण नाही. केंद्राच्या २०१७च्या मेट्रो धोरणाने १४ टक्क्यांची किमान अट घातली आहे आणि ग्रेस मार्कांची सोय सल्लागाराकडे असते. तुम्हीही या धंद्यात उतरणार असाल, तर काही गोष्टी आत्ताच शिकून घ्या.

सुरुवात शेवटापासून करा. एक्सेलमध्ये ‘गोल सीक’ आहे. उत्तराच्या खान्यात १४ भरा, प्रवासीसंख्येच्या खान्याला हवं तेवढं फुगायची मुभा द्या आणि बटण दाबा. चौकाचौकांत गाड्या मोजायला पोरं उभी करायची, ती फोटोपुरती.

तरीही प्रवासी कमी पडले तर फीडर बस, म्हणजे स्टेशनपर्यंत आणून सोडणाऱ्या बस, आहेतच. रस्त्यावर नसल्या तरी अहवालात त्या दर पाच मिनिटांनी येतात. स्टेशनपर्यंतचं चालणं, जिने, बॅगतपासणी, गाडी बदलणं या सगळ्याला शून्य मिनिटं द्या. बेंट फ्लायबर्ग नावाच्या डॅनिश प्राध्यापकाने २००५ मध्ये दाखवून दिलं, की दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचे अंदाज फुगवलेले होते, आणि तेही सरासरी दुपटीहून जास्त. म्हणा, ते परदेशातलं. कुणी मुंबईच्या मोनोरेलचं नाव काढलं, तर ‘ती मोनो होती, ही मेट्रो आहे’ एवढं उत्तर पुरतं.

खर्चातून कर वजा करायला विसरू नका. इंधनबचतीला मात्र पंपावरचा, करासकटचा भाव लावा.

स्टेशनजवळच्या जागांचे भाव वाढले तो फायदा धरा. ते ज्या वेळेच्या बचतीमुळे वाढले, ती बचतही वेगळी धरा.

आता मुख्य माल, म्हणजे वेळेची बचत. उड्डाणपुलाचं उदाहरण घ्या. समजा रोज ६०,००० गाड्या, प्रत्येकीची ३ मिनिटं वाचली आणि गाडीच्या तासाची किंमत १५० रुपये. दिवसाला ३,००० तास, साडेचार लाख रुपये. वर्षाला १६ कोटींच्या वर. झाला फायदा! पुलावरून उतरलेली गाडी पुढच्या सिग्नलला चार मिनिटं उभी राहते, म्हणून अभ्यासाची हद्द रॅम्प उतरतो तिथेच संपवा. रस्ता मोकळा झाला म्हणून नव्या गाड्या येतील आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा तेच होईल, हेही लिहू नका. कारवाल्याच्या तासाला बसवाल्याच्या तासापेक्षा जास्त भाव असतो, हे आपोआप कामी येतं. आणि बस? तिचा थांबा पुलाखाली. साठ माणसं घेऊन ती खालच्या कोंडीतच रांगते, कारण वरून गेली तर थांबा चुकतो. त्या साठांच्या मिनिटांचा रकानाच अहवालात नसतो. पण खरी गंमत बांधकामाची. चार वर्षं पत्रे ठोकलेले, दोन लेन गेलेल्या. त्याच ६०,००० गाड्यांना रोज दहा मिनिटं जास्त लागली, तर त्याच १५० रुपयांच्या दराने वर्षाला जवळजवळ ५५ कोटी, चार वर्षांत २१९ कोटी पाण्यात. पूल झाल्यावरची तेरा वर्षांची बचत नुसती हे भरून काढण्यात जाणार. आणि १२ टक्क्यांनी वर्तमान मूल्य काढलं, म्हणजे पुढचा रुपया दरवर्षी तेवढा स्वस्त धरला, आणि रहदारी तेवढीच धरली, तर ते कधीच भरून निघत नाही! पुलाचा बांधकाम खर्च अजून मोजायलाही घेतलेला नाही. एवढा साधा गुणाकार शेकडो पानांत कुणालाच करावासा वाटू नये?

असो. हिरव्या प्रकरणाकडे वळू.

ई-बसची तुलना नेहमी डिझेल बसशी करा, तुमच्या शहरातल्या बस सीएनजीवर कधीच्या गेल्या असल्या तरी. एसी डिझेल बस लिटरला अडीच किलोमीटर देते, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला साधारण १.०७ किलो. बारा मीटरच्या एसी ई-बसला किलोमीटरला १.३ युनिट लागतात आणि देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो, म्हणजे ०.९. चार्जिंगमधली गळती धरली की १ किलो. फरक एवढासाच. तुम्ही ई-बससमोर शून्य लिहा. चंद्रपूर आणि कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्रांची धुराडी बसच्या मागे लावलेली नसतात. ई-बसचा खरा फायदा वेगळा आहे: रस्त्यावरच्या माणसाच्या नाकात जाणारा धूर कमी होतो, आवाज कमी होतो. ग्रिड स्वच्छ होईल तसा कार्बनचाही होईल, तोही चार्जिंग दुपारच्या सौरऊर्जेवर केलं तर, रात्रभर कोळशावर नव्हे. पण हे मांडायला मेहनत लागते. शून्य लिहायला लागत नाही.

केंद्राचं अनुदान म्हणजे आभाळातून पडलेले पैसे. बसच्या किमतीतून सरळ वजा करा. डेपोचं एचटी, म्हणजे उच्चदाबाचं, वीज कनेक्शन, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन दुसऱ्या खात्याच्या हेडखाली टाका. प्रतिकिलोमीटर करारात बस चालवणाऱ्या ठेकेदाराला रोजच्या अंतराची हमी दिलेली असते, बस कोंडीत अडकून तेवढी धावली नाही तरी पैसे जातात. हे कलम परिशिष्टात राहू द्या.

इथेनॉल लिटरात मोजा, ऊर्जेत नको: ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच भरते.

हायड्रोजन? पाण्यापासून एक किलो बनवायला ५० युनिटांहून जास्त वीज लागते, ही ओळ खोडा आणि ‘भविष्यातील इंधन’ लिहा.

शेवटी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अंदाज चुकले तर काय, याची तपासणी. खर्च दहा टक्के वाढला, फायदा दहा टक्के घटला, तरी प्रकल्प उभाच. पाच वर्षं उशीर झाला तर, हा तक्ता करूच नका. आणि पर्याय म्हणून ‘काहीच न करणे’ ठेवा. रंग मारून, खांब रोवून बसला वेगळी लेन दिली, तीनशे बस जास्त सोडल्या, तर काय होईल, हे तपासलं तर चौदा टक्क्यांची लाज निघेल.

पुरे झाली ही थट्टा. साहेब, सल्लागार, नगरसेवक, सगळ्यांनाच विचारतो: तुम्हाला गणित येत नाही असं नाही. येतं, म्हणूनच ते उलटं करता येतं. ज्या शहरात बसला तासाला बारा किलोमीटरचा वेग मिळत नाही, तिथे बसलेनचा परतावा काढायला कुणी मागत नाही, कारण लेनला कोनशिला बसत नाही. अहवाल मागितला तर स्कॅन केलेली, वाकडी पीडीएफ देता. सूत्रं असलेली एक्सेल फाइल देताना हात का थरथरतात? आणि प्रकल्प सुरू होऊन वर्ष झालं, प्रवासी अंदाजाच्या निम्मेही आले नाहीत, तरी पुढच्या टप्प्याचं काम त्याच सल्लागाराला कसं जातं? पैसे आमचे आहेत. उत्तर द्या.