हिरवा दिवा म्हणजे कार्ड काढण्याची परवानगी नव्हे

इंदूरमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. संगणकातला प्रत्येक पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (मदरबोर्डावरची, नेटवर्कसारखी जादा कार्डे बसवायची खाच) हॉट-स्वॅप असतो, म्हणजे त्यातले कार्ड संगणक चालू असताना काढता-घालता येते; संगणकाला कार्ड दिसत नसेल तर तो चालू ठेवूनच ते तीनदा काढून घालावे, म्हणजे स्लॉट रीसेट होतो; स्लॉटजवळचा हिरवा दिवा लागलेला असेल तर कार्ड खुशाल ओढावे, पिवळा असेल तर मदरबोर्ड गेला असे समजावे; आणि कार्डाच्या कडेचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासावेत, असे त्यात म्हटले आहे. रामबागेतल्या एका लहान कचेरीचे संगणक सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याने हे सगळे खरे मानले. तिथल्या एका संगणकाला नेटवर्क कार्ड दिसत नव्हते. ‘मामा, स्क्रू काढलाय, हिरवा दिवापण लागलाय, आता कार्ड ओढू ना?’ असे त्याने फोनवर विचारले, तेव्हा मागे कॅबिनेटच्या पंख्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

या संदेशातला सर्वांत घातक मुद्दा हिरव्या दिव्याचाच आहे, कारण तो सत्याच्या नेमका उलटा आहे. पीसीआय-सिग या संस्थेच्या पीसीआय एक्स्प्रेस मानकात हॉट-प्लग स्लॉटच्या, म्हणजे चालू संगणकात कार्ड बदलण्यासाठी खास बनवलेल्या स्लॉटच्या, दिव्यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. हिरवा दिवा स्थिर असेल तर स्लॉटमध्ये वीज चालू आहे आणि कार्डाला हात लावायचा नाही. तो लुकलुकत असेल तर वीज चालू किंवा बंद होते आहे. आणि तो पूर्ण विझला तरच कार्ड काढायचे. स्लॉटजवळचे बटण दाबल्यावर दिवा लुकलुकू लागतो, विचार बदलल्यास ५ सेकंदांच्या आत पुन्हा दाबून काम रद्द करता येते, आणि तसे न केल्यास ऑपरेटिंग सिस्टिम आधी ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) थांबवते, मग स्लॉटची वीज तोडते. भाच्याच्या साध्या मदरबोर्डावर असे बटणच नव्हते. त्याला दिसलेला दिवा बोर्डाच्या स्टँडबाय विजेचा होता, जो संगणक बंद केला तरी भिंतीतला प्लग लावलेला असेपर्यंत जळत राहतो.

‘प्रत्येक स्लॉट हॉट-स्वॅप’ यात अर्धसत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. कार्डाची हजेरी ओळखणारे संपर्क इतरांपेक्षा मुद्दाम आखूड ठेवलेले असतात, ते हॉट-प्लगचा विचार करूनच. परंतु स्लॉटची वीज स्वतंत्रपणे तोडणारे सर्किट, फर्मवेअर (मदरबोर्डात साठवलेले मूळ सॉफ्टवेअर), ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हर या चौघांची साथ असल्याशिवाय त्या आखूड संपर्कांचा काही उपयोग नाही, आणि घरच्या किंवा कचेरीच्या साध्या संगणकात ती बहुधा नसते. शेजारशेजारच्या दोन संपर्कांत जेमतेम १ मिलिमीटर अंतर असते, आणि १२ व्होल्टच्या संपर्कांपासून दोन-तीन मिलिमीटरवरच संदेशवाहक संपर्क असतात. चालू संगणकात कार्ड तिरके ओढण्याचा सल्ला देणाऱ्याने हे अंतर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

पिवळ्या दिव्यावरून मदरबोर्ड गेला असे ठरवणे चूक आहे. स्थिर पिवळा दिवा त्या स्लॉटमध्ये अडचण असल्याचे सांगतो, आणि लुकलुकणारा फक्त ‘हाच तो स्लॉट’ एवढेच दाखवतो. खोडरबराने सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो व भुगा स्लॉटमध्ये पडतो. संपर्क पुसायचेच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड पुरते.

कार्ड काढून पुन्हा बसवल्याने दोष अनेकदा जातो, हेही खरे आहे. मात्र ते संगणक बंद करून, प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून गेल्यावर करायचे असते. भाच्याकडून मी तसेच करवून घेतले. कार्ड पुन्हा बसवून ब्रॅकेटचा (कार्डाच्या टोकाच्या धातूच्या पट्टीचा) स्क्रू आवळताना त्याच्या लक्षात आले की, स्क्रू जसजसा घट्ट होतो तसतशी कार्डाची मागची बाजू स्लॉटमधून केसभर वर उचलली जाते. ब्रॅकेट किंचित वाकवून, कार्ड सपाट दाबून त्याने स्क्रू पुन्हा लावला आणि संगणक सुरू करून जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ आज्ञा दिली, तेव्हा यादीत नेटवर्क कार्ड आले. ते बदलून आणायला सिल्व्हर मॉलला जाण्याची वेळ आली नाही.