काल मी बाजार होतो

लेकीनं स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा जावई केला, तेव्हा मी ठरवलं, विहीणबाईंशी त्यांच्याच स्पॅनिश भाषेत चार वाक्यं बोलायची. सुरुवात सोप्या क्रियापदानं. जावयाला विचारलं, 'जाणे'ला काय म्हणतात? म्हणाला, "इर." दोनच अक्षरं! माझा जीव भांड्यात पडला.

मग वर्तमानकाळ आला. मी जातो, वोय. तू जातोस, वास. तो जातो, वा. आम्ही जातो, वामोस. 'इर'मधला 'इ' गायब, 'र' बेपत्ता. अपूर्ण भूतकाळात 'इ' परतला: इबा, इबास. भविष्यकाळ तर 'इरे, इरास' असा शहाण्या मुलासारखा. जरा निवांत होतोय तोच साध्या भूतकाळात एकदम 'फुई'! वोय, इबा, फुई ही एका आईची लेकरं वाटत नाहीत, आणि नाहीतच. लॅटिनमधली तीन क्रियापदं एका घरात नांदायला आलीत.

बरं, 'फुई' म्हणजे मी गेलो, तसंच 'फुई' म्हणजे मी होतो. "मग होता की गेला, कळायचं कसं?" "वाक्यावरून, बाबा." आपल्याकडे 'होता' आणि 'गेला' यांच्यामध्ये अख्खा माणूस जातो हो!

विध्यर्थाला मात्र मी घाबरलो नाही. 'जावं, करावं' यातच आमचं आयुष्य गेलं. पण 'त्यानं जावं' यातल्या 'जावं'चं रूप निघालं 'वाया'. जाणंच वाया गेलेलं मी प्रथमच पाहिलं. त्यात तिथली माणसं 'व'चा 'ब' करतात, म्हणजे लिहायला वाया आणि कानाला बाया. आज्ञार्थातला 'वे' तर 'जा'ही सांगतो आणि 'बघ'ही. मी जागचा हललोच नाही.

शेवटी फोन आला. काल काय केलंत, असं विहीणबाईंनी विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "आयेर फुई मेर्कादो." पलीकडे शांतता, मग हसण्याचा स्फोट. आपला 'त' किंवा 'ला' शब्दाच्या शेपटीला लागतो. त्यांचा 'आल' शब्दाच्या आधी यावा लागतो, आणि तोच मी गिळला होता. परिणामी, काल मी बाजार होतो.

जावई सध्या मराठी शिकतोय. परवा वही घेऊन आला. "बाबा, 'खा'चं खाल्ला, 'गा'चं गायला. मग 'जा'चं 'गेला' कसं? हा 'ग' कुठून आला?"

संस्कृतातल्या 'या' आणि 'गम्' या दोन धातूंचं आपल्याकडेही एकत्र कुटुंब आहे, हे मला माहीत होतं. पण मी शांतपणे म्हणालो, "वाक्यावरून."